धाकट्याच्या पाटीवरचा खोटा शब्द

मी, खाली सही करणारी, वय बहात्तर पूर्ण, अविवाहित, धंदा बिअर बनवणे, नजर अधू पण डोके ठिकाणावर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. कोणी गळ घातलेली नाही, कोणी दम दिलेला नाही. मला दम देईल असा माणूस आता हयात नाही. डॉक्टरांनी आज सकाळी तपासून मी पूर्ण शुद्धीत असल्याचा दाखला दिला आहे. रक्तदाब वाढलेला आहे, तो रागाने, हेही लेखी द्या म्हटले तर नुसते हसले. यापूर्वीची माझी दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत.

एक. कारखान्यामागची माझी राहती खोली, तांब्याची जुनी कढई, सूक्ष्मदर्शक आणि बेचाळीस वर्षांच्या नोंदवह्या माझ्या भाचीला, म्हणजे कै. धाकट्या भावाच्या मुलीला मिळाव्यात. यीस्ट जिवंत की मेले हे ती माझ्यापेक्षा लवकर ओळखते. हे तिला तोंडावर कधी सांगितले नाही, आमच्या घरात ती पद्धत नव्हती.

दोन. थोरल्या भावाला काहीही नाही. बहीण दारू बनवते म्हणून त्याने सोयरिकींत माझे नाव टाळले, आणि दर गुरुवारी गाडी पाठवून माझ्याच कारखान्यातला सातूचा चोथा गाईंसाठी फुकट नेला. इतका कोडगेपणा मी दुसरीकडे पाहिला नाही. चोथा मात्र चालू ठेवावा. गाईंनी माझे काही वाकडे केलेले नाही.

तीन. आता स्मृती प्रतिष्ठान. धाकटा गेल्यावर माझ्या भागीदाराने त्याच्या नावाने हे काढले. घटनेत स्पष्ट लिहिले आहे की लहान प्रमाणावर बिअर बनवणाऱ्यांना शिकवावे, आणि त्यांना एकत्र बसायला, एकमेकांचा माल चाखायला, अडीनडीला मदत मागायला जागा द्यावी. अकरा वर्षांत अकरा जेवणावळी झाल्या. अकरा चषक वाटले, त्यातले दोन भागीदाराने स्वतःलाच दिले आणि टाळ्याही घेतल्या. शिकून बाहेर पडलेले विद्यार्थी: एकही नाही. अर्ज येतात, त्यांवर "विचाराधीन" असा शिक्का बसतो. धाकट्याचा हसरा फोटो मात्र बाटलीवर छापून झाला.

ज्याच्या नावाने हा तमाशा चालतो, तो माणूस स्पर्धकाचा घाणा बिघडला तर स्वतःच्या यीस्टची बरणी घेऊन त्याच्याकडे जायचा. मी ओरडायचे. तो म्हणायचा, त्याची बिअर आंबट निघाली तर लोक आपलीही पिणार नाहीत. जाताना माझी बरणी न्यायचा, हे वेगळे.

घटनेप्रमाणे माझ्यामागे अध्यक्ष नेमण्याचा हक्क माझा आहे. मी भाचीला नेमते. इमारत व सहाही टाक्या माझ्या नावावर आहेत, त्या प्रतिष्ठानाला देते, अट एवढीच की तिथे शाळा चालावी. वरचा हॉल गुरुवारी सगळ्या बिअरवाल्यांना मोकळा ठेवावा. जेवणावळी बंद. भागीदाराला चषकांचे कपाट मिळावे, चषकांसकट.

चार. दारावरची पितळी पाटी उतरवावी. तिच्यावर लिहिले आहे की धाकटा "स्वतःच्या अनवधानाने" अपघातात गेला. हा मजकूर भागीदाराने लिहिला, आणि मी वाचून मान डोलावली. चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यालाही आम्ही दोघांनी हेच सांगितले. इथवर मी भागीदारावर तोंडसुख घेतले, ते त्याच्या लायकीचे आहे. पण पुढचे माझे आहे.

बिअर उपसल्यावर टाकी रिकामी दिसते, पण तळाशी कार्बन डायऑक्साइड साचलेला असतो. दिसत नाही. दोन श्वासांत माणूस आडवा होतो. आमच्या घरात टाकी धुण्याआधी झाकण काढून आत डोके घालायचे, वास घ्यायचा, आणि टाकी तयार आहे की नाही हे नाकाने ठरवायचे. वडिलांनी मला असे शिकवले, मी धाकट्याला. या नाकाचा आम्हाला भारी तोरा होता. मी स्वतः दोनदा चक्कर येऊन बाजूला बसले आहे, आणि पाणी पिऊन पुन्हा कामाला लागले आहे.

धाकट्याने गॅस मोजायचे यंत्र आणले होते. साबणाच्या वडीएवढे. मी सगळ्या कामगारांसमोर म्हणाले, "नाक गहाण टाकलंस का? बापाचं नाव घालवशील." सगळे हसले. तोही हसला. यंत्र मी माझ्या कपाटात ठेवले आणि कुलूप लावले. सतराव्या दिवशी तो चार नंबरच्या टाकीत वाकला. किल्ली माझ्या कमरेला होती.

हे अनवधान नव्हे. त्याचे पूर्ण अवधान होते. त्याला मी हिणवले, म्हणून तो गेला. अकरा वर्षे मी हे पोटात ठेवून त्याच्या फोटोला हार घातला, आणि वर भागीदाराला ढोंगी म्हणत राहिले. माझा मला संताप येतो.

पाच. म्हणून शाळेच्या प्रत्येक तुकडीला पहिल्या दिवशी, कोणी टाकीला हात लावण्याआधी, या मृत्युपत्राचे चौथे कलम मोठ्याने वाचून दाखवावे. माझ्या नावासकट. कोणाला वाईट वाटेल म्हणून एक ओळही गाळू नये. यंत्र न वापरता टाकीत डोकावणाऱ्याला, मग तो कितीही हुशार असो, त्याच दिवशी घरी पाठवावे.

सही करण्याआधी हे सगळे मी भाचीला वाचून दाखवले. वकीलबाई नको म्हणत होत्या, पण हे तिने माझ्यामागे परक्या माणसाच्या तोंडून ऐकणे मला मान्य नव्हते. ती उठून खिडकीशी गेली. मग म्हणाली, "आत्या, अकरा वर्षं मी बाबांवर चिडून आहे. एवढी साधी काळजी त्यांनी घेतली नाही, आमचा विचारही केला नाही, म्हणून."

अध्यक्षपद घेईन, पहिला तास मीच घेईन, असे तिने सांगितले. आणि तिने मला माफ केले, असे यात कुठेही लिहायचे नाही, असेही सांगितले. मी लिहिलेले नाही.

स्थळ: कारखान्यामागची राहती खोली
दिनांक: तीन मार्च, मंगळवार, सकाळी साडेअकरा

लिहून देणारी: (सही) कै. धाकट्याची मोठी बहीण

आमच्यासमक्ष वाचून, समजून सही केली:
साक्षीदार १: (सही) डॉक्टर
साक्षीदार २: (सही) टाक्यांचा वेल्डर. त्या दिवशी हसणाऱ्यांत मीही होतो.