छापलेलं वय

व्हिक्सबर्ग, मिसिसिपी
१२ मार्च १८६६

श्री. एनॉक यांस, केझायाचा नमस्कार, वि. वि.

तुम्हाला दादा म्हणायचं की नाही, ते तुमचं उत्तर आल्यावर ठरवीन. लिहून शाळेच्या बाई घेताहेत, पण शब्द माझे आहेत.

काल पाळकांनी चर्चमध्ये वर्तमानपत्रातली तुमची नोटीस वाचली. तीस वर्षांपूर्वी लिंचबर्गला गुलामांच्या लिलावात विकलेली आई फिबी, आता वय साठ, तिला मुलगा एनॉक शोधतोय. माझी आई ताडकन उभी राहिली. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, आजीबाई, त्याला साठीची हवीय, तुमची सत्तरी उलटली, बसा खाली. लोक हसले. आई बसली. घरी येऊन म्हणते, माझा पोरगा माझ्या वयात चुकणार नाही, हा दुसऱ्या कुठल्या फिबीचा एनॉक. कालपासून जेवलेली नाही.

विकलं तेव्हा मी तिच्या पोटात होते. त्या सकाळी दलालाने तिला काय केलं, ते तिने फक्त मला सांगितलंय. तुम्ही तिचे असाल तर ते लिहा. नसाल तर म्हातारीचा जीव टांगणीला लावू नका.

आपली,
केझाया

सिनसिनाटी, ओहायो
२ एप्रिल १८६६

चि. केझाया हिस, दादाचे अनेक आशीर्वाद.

होय, दादाच. पुन्हा मला ‘तुम्ही’ लिहिलंस तर पत्र परत पाठवीन. आईच्या पोटात कुणीतरी आहे हे ठाऊक होतं. ती तू, हे तीस वर्षांनी कळलं.

आता उत्तर घे. दलालाने आईच्या पांढऱ्या केसांना बुटाचं काळं पॉलिश फासायला लावलं. मला. डबी एका हातात, चिंधी दुसऱ्या. आई हळूच म्हणाली, कानामागे राहिलंय, तिथेही लाव, नाहीतर तो तुला मारेल. मी लावलं. जाहिरातीत छापलं होतं: फिबी, वय तीस, धडधाकट, गर्भार. तिच्याखाली एक खेचर. खेचराखाली मी, वय बारा.

ती जाहिरात मी खांबावरून फाडून सदऱ्यात दडवली. मला केंटकीत विकलं, पुढे तिथून पळालो, पिंपं बनवायला शिकलो आणि त्याच कागदावर, कुणी गुरू नसताना, वाचायला शिकलो. मी वाचलेला पहिला आकडा म्हणजे आईचं वय. पिंपाची फळी केसभर चुकली तर कामगारांना सोलून काढणारा मी! बोटांवरचं ते काळं आठवडाभर निघालं नव्हतं, तरी तीस आणि तीस साठ असं लिहून मोकळा झालो. त्या हरामखोरांचं खोटं निव्वळ छापलेलं म्हणून खरं मानलं, आणि त्यांच्याच खोट्याने आईला भरल्या चर्चमध्ये खाली बसवलं. दलाल मेला असेल तर सुटला. मी कुणाच्या थोबाडीत मारू? माझ्याच?

कागद जाळायला घेतला होता. जाळला नाही. ‘तीस’ खोडलंय. तिथे काय लिहायचं ते आई सांगेल.

गुरुवारी बोटीत बसतोय. २२ तारखेच्या रविवारी तुमच्या चर्चमध्ये नोटीस मीच वाचणार. मागच्या बाकावरचा तो शहाणा हजर राहील असं बघ. आईला आधी जेवायला घाल. आणि सांग, त्या दिवशी उभी राहा, कुणी काही म्हणो, मी तुझ्यापर्यंत पोचेपर्यंत बसू नकोस.

माया असू दे, ओळख आल्यावर करून घेऊ.

तुझा दादा,
एनॉक