तडा कुठे गेला

१४ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळे ठीक आहोत. तुझा गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस म्हटलं तरी तू ऐकणार नाहीस, हे मला पाठ आहे.

तुझी लेक नापास कशी झाली, असं विचारलंस. आमच्या शाळेत तिने मी शिकवतो ते सुतारकाम सोडून वेल्डिंग घेतलं तेव्हा मी तुला कळवलं होतं, 'पोरीची आवड, आपण कोण बोलणार.' खोटं होतं ते. मला चांगलंच झोंबलं होतं. सुट्टीत यायची तेव्हा रंधा धरायला मी शिकवलं तिला, आणि आता शिकायला माझ्याच घरात राहून, जेवायला बसली की 'आमचे सर म्हणतात, आमचे सर म्हणतात'! सर म्हणजे तो वेल्डिंगवाला, काल आलेला पोरगा. मग मी काय तिथे नुसता भुसा झाडायला आहे?

आमच्याकडे प्रात्यक्षिक परीक्षा दुसऱ्या विभागाचा मास्तर घेतो. तिची माझ्या वाट्याला आली. मुलांनी दोन लोखंडी पट्ट्या जोडून द्यायच्या, मग परीक्षकाने एकट्याने तो तुकडा शिकंज्यात धरून हातोड्याने वाकवायचा. जोड फुटला की नापास.

बाकीच्यांचे तुकडे मी एकेकदाच वाकवले. तिचा वाकवला, जोडावर रेघसुद्धा नाही. त्या पोरग्याने शिकवलेलं इतकं सुरेख! माझं डोकं फिरलं. तुकडा सरळ केला, पुन्हा वाकवला, पुन्हा सरळ केला, घाम निथळेपर्यंत. शेवटी तडा गेला. ताई, जोडाला नाही गं, शेजारच्या कोऱ्या पट्टीला. जोड लोखंडापेक्षा पक्का निघाला. मी कागदावर एवढंच लिहिलं, 'तडा गेला, नापास', आणि तुकडा माझ्या खणात टाकला.

कारखान्यातली शिकाऊ जागा तिच्या हातची गेली. आठवडाभर ती धड जेवली नाही. सरांचं नावही काढेना. सांगायला लाज वाटते, पण पहिले दोन दिवस मला बरं वाटलं.

आज सकाळी तो तुकडा मुख्याध्यापिकाबाईंच्या टेबलावर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी शेरा बदलला, कारखान्याला फोनही केला. जागा अजून भरलेली नाही, तिलाच मिळेल. मला यापुढे परीक्षक नेमणार नाहीत, ते बरोबरच आहे.

तिला मात्र माझ्या तोंडाने काही सांगवत नाही. हे पत्र टपालात टाकायला तिच्याच हाती देतोय. पाकीट चिकटवलेलं नाही.

तुझा धाकटा भाऊ,
आणि तिने म्हणू दिलं तर, तिचा मामा