झुल्यापाशी एक लुगडं

प्रिय पुष्पे,

पहिलेच सांगते, शुद्धलेखनाले हासू नको. सहावीत शाळा सुटली तवापासून ऱ्हस्व-दीर्घ मले अजूनच अनोळखी झाले. अन हे टाइपच्या मशीनवर लिहून राह्यली, म्हणून उशीर. कचेरीबाहेर अर्ज लिहितात ना, त्या उकंडकाकाची मशीन. त्यांनीच ओट्यावर बसवलं मले. म्हणे, "जने, तोंडानं त तू बोलत नाही, बोटानं त बोल." एका बोटानं एक एक अक्षर हुडकते. तुह्या नावातला 'ष्प' सापडेपर्यंत चहा थंडा झाला.

तुले आठवते का वं, महाराष्ट्र झाला त्या वर्षी तो माणूस रंगीत नकाशा घेऊन आपल्या वस्तीमागच्या मैदानात आला होता? हिरवा रंग दाखवला, बोट करून सांगितलं, इथं कारंजं, तिथं बाकडे, त्या कोपऱ्यात झुला. 'नियोजित बगीचा' अशी पाटी ठोकली अन गेला तो गेलाच. पण बगीचा राह्यला. अजूनही भाजीवाल्या झुंबरबाईची गाय सापडली नाही त लोकं सांगतात, कारंज्यात बसली असन. उकंडकाका संध्याकाळी बाकड्यावर बसतात, म्हणजे त्या काळ्या दगडावर. पोट्टे झुल्यासाठी लाईन लावतात, अन कोणी मंधात घुसलं त खरीखुरी मारामारी. आपण दोघी तिथं जमिनीवर बसून पाय हालवायचो. तू म्हणायची, "जोरात नको बाप्पा, मले भोवळ येते." मलेही यायची. खरंच यायची.

आता वाळवणाचे दिवस आहेत. पहाटे बाया गव्हाचा चीक शिजवतात, सोऱ्यानं लुगड्यांवर कुरोड्या पाडतात अन मैदानात पसरवतात. राखण माही. काठी घेऊन बाभळीखाली बसते. माणसापुढं माहा आवाज निघत नाही, पण कावळ्यांवर असा निघते का झुंबरबाई म्हणते, "हे पोरगी सगळं बोलणं कावळ्यांसाठीच जपून ठेवते!" दुपारी तुह्या सासऱ्याच्या सरकीच्या मिलकडून कापसाचं तूस उडत येते, सावकाश, जसं त्याले खाली पडाचंच नाही. पांढरी लुगडी, पांढरं तूस, पांढरं ऊन. मंग मले कारंज्याचा आवाज येते. मी झोपेल नसते, जागीही नसते. त्या टायमाले तू झुल्यावर असते, दोन वेण्या घालून, लगनाच्या आधीची.

तुले घरात समजलंच असन, या मैदानात तुमच्या मिलचं नवं शेड होणार. पाटी काढून नेली. म्हणे, बगीचा कधी झालाच नाही, त जागा रिकामीच आहे. रिकामी! उकंडकाकानं अर्ज लिहिला, साऱ्या वस्तीनं सह्या केल्या, अंगठे दिले. उत्तर नाही. माही माय तुमच्याच मिलमधी सरकी वाहते. ती पहिले म्हणे, "शेड झालं त मले कायमचं काम लागन, तू चूप राह्य." मी त चूपच असते. पण दुसऱ्या दिवशी पहाटे पाह्यलं, त मायनं आपलं लगनातलं लुगडं कुरोड्या पाडून मैदानाच्या मधोमध पसरवलं होतं.  

मागच्या सोमवारी बुलडाण्याहून मोजणीवाला आला. पाहते त काय, साखळी टाकाले जागाच नाही, जिकडं तिकडं कुरोड्या. झुंबरबाई कमरेवर हात ठेवून म्हणे, "या ना भाऊ, या! अन्नावर बूट ठेवून या!" त्या बिचाऱ्यानं बूट काढून हातात घेतले, काठाकाठानं थोडा चालला, अन तसाच उभा राह्यला. शेवटी एक अर्धी ओली कुरोडी मागून खाल्ली. म्हणे, "माही माय अशीच करे." अन परत गेला. आम्ही लय हासलो. पण संध्याकाळी तुमचे दिवाणजी येऊन सांगून गेले, येत्या सोमवारी शेठ, म्हणजे तुहा सासरा, स्वतः साखळीच्या पुढं चालणार. "पहिलं पाऊल नारायणराव टाकतील, मंग बाकीचे बूट आपोआप पडतील." तवापासून कोणी हासलं नाही.

पुष्पे, तुहा सासरा वाईट माणूस नाही. तुले एका पंगतीत वाढतानी पाह्यलं अन हुंड्याबिगर सून करून नेलं त्यानं. तुही कुरोडी, ती बारीक, मधी शेंडीवाली, तो ताटात पाहिल्याबरोबर ओळखते, हे झुंबरबाई तुमच्याकडं भाजी द्याले येते तवा पाहून गेली. मले तेच मागाचं होतं, अन तोंडानं जमलं नसतं. एक लुगडं दे. तुह्या हातच्या कुरोड्यांचं, तू सासरी नेहमी नेसते ते, त्याच्या ओळखीचं. हे पत्र झुंबरबाईच्या टोपल्यातल्या भाजीखालून तुले मिळन. रविवारी झुंबरबाई तेच टोपलं घेऊन येईन. सोमवारी पहाटे मी ते झुल्यापाशी पसरवीन, मिलच्या अंगाले, सगळ्यात पुढं. कोणाले काही बोलाचं नाही. तो पाऊल उचलन अन खाली पाहीन, एवढंच. त्याच्यानंतर त्या घरात तुले राहाचं आहे, मले नाही, हे मले समजते. नाही जमलं त टोपलं रिकामं पाठव. मी रागावणार नाही. तरी त्या दिवशी मी झुल्यापाशीच उभी राहीन, काठी न घेता. अन आवाज निघाला त माणसांवरही काढून पाहीन.

झुल्यावर तुही जागा धरून बसेल,
तुहीच जनका

अन हो, सांगाचंच राह्यलं. तुह्या मायची म्हैस काल व्याली. पारडी झाली, कपाळावर पांढरा टिळा. सकाळी उभीही राहत नव्हती, आता साऱ्या आळीत पळून राह्यली.