सामानापाशी कोण बसणार?

कळंब,
४ सप्टेंबर २०२५

चि. श्रावस्तीस,
आत्याचा सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद.

फोनवर मला धड ऐकू येत नाही आणि तुला ओरडावं लागतं, म्हणून पत्रच बरं. मागच्या दिवाळीत तुझ्या प्रेमानंददादानं आम्हाला पाळण्यांच्या त्या मोठ्या पार्कात नेलं होतं. त्याच कंपनीचं आता जहाज निघालंय, मुंबईहून गोव्याला. या दिवाळीत प्रेमानंद, तुझी दीपालीवहिनी आणि दोन्ही पोरं जाणार आहेत, मलाही नेतायत. तू उन्हाळ्यात त्याच जहाजावर जाऊन आलीस, म्हणून विचारते.

पार्कात मी दिवसभर एका लिंबाखाली बसून होते. पिशव्या, मोबाइल आणि सगळ्यांच्या चपला माझ्यापाशी. पाळण्याला गुडघे नको म्हणत होते आणि साडीवर पाण्यात सोडत नव्हते. तक्रार नाही, कुणीतरी बसायलाच पाहिजे. एवढंच कळव, जहाजावर सामान घेऊन बसायला सावली असते का? आणि भाकरी-चटणी नेऊ देतात का?

जावईबापूंना जयभीम सांग. माया आहे तशी राहू दे.

तुझी,
सरूआत्या


पुणे,
१२ सप्टेंबर

ती. सरूआत्यास,
सप्रेम जयभीम वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी राग आला, मग रडू आलं. आई गेल्यावर आम्हा दोघांना वाढवलंत, ते काय म्हातारपणी चपला राखायला?

आता नीट वाचा. जहाज म्हणजे पार्क नव्हे. मोठी बॅग बंदरावरच घेतात आणि खोलीच्या दारात आणून ठेवतात. ती यायला संध्याकाळ होते, म्हणून गोळ्या, आधार कार्ड आणि कपड्यांचा एक जोड खांद्याच्या पिशवीत असू द्या. जेवण तिकिटातच आहे; भाकरी दारातच काढून घेतील. पार्कात दादा सगळ्यांना पहाटे उठवून रांगेत पळवतो, तसलं इथं काही लागत नाही. सगळंच बघायचा त्याचा हट्ट तेवढा सोडवा. समुद्रात फोन लागत नाही, तेव्हा जेवणाच्या हॉलपाशी भेटायचं ठरवून ज्यानं त्यानं खुशाल फिरावं. पोरांसाठी खेळघर आहे, तिथं सांभाळणारी माणसं आहेत. मळमळलं तर आल्याचा तुकडा चघळा.

मुख्य म्हणजे सामान खोलीत राहतं. त्याच्यापाशी कुणी बसत नाही. सोबत पोहण्याचा नायलॉनचा ड्रेस पाठवतेय, पूर्ण बाह्यांचा. तो घालून पाण्यात उतरायचं, माझी शपथ आहे.

तुमच्या मायेची नेहमीच भुकेली,
श्रावस्ती


कळंब,
१ ऑक्टोबर

चि. श्रावस्तीस,
सप्रेम जयभीम व आशीर्वाद.

पार्सल मिळालं. ड्रेस दार लावून घालून पाहिला आणि पेटीच्या तळाशी ठेवून दिला. या वयात हे शोभायचं नाही असं वाटलं.

तुझ्या पत्रातला ज्यानं त्यानं फिरायचा भाग तेवढा प्रेमानंदाला वाचून दाखवला. तो हसला. कोण कधी काय बघणार ते त्यानं आधीच ठरवलंय. मी काय करायचं असं विचारलं, तर सहज म्हणाला, आत्या असली की सामानाची काळजी नाही. त्याच्या मनात वाईट नसतं गं, पण मला ते लागलं. अंगणवाडीत सगळी नोकरी दुसऱ्यांची लेकरं आणि त्यांच्या चपला सांभाळण्यात गेली. आता बास झालं.

ड्रेस पेटीतून वर काढलाय. मी जाणार आणि पाण्यात उतरणार, गुडघ्यांना विचारणार नाही. समुद्र सहा डिसेंबरला दादरला काठावरून पाहिलाय, आता मधून पाहायचाय. प्रेमानंदाला अजून काही बोलले नाही, तूही बोलू नकोस.

आठवण ठेव.

तुझी,
सरूआत्या


कळंब,
२९ ऑक्टोबर

चि. श्रावस्तीस,
सप्रेम जयभीम व पोटभर आशीर्वाद.

परवा सुखरूप पोचलो. बंदरावर वर्दीतल्या पोरानं बॅग घेतली आणि माझे हात एकदम रिकामे झाले. ते कुठं ठेवावेत कळेना. शेवटी जहाजाच्या कठड्यावर ठेवले आणि पाणी बघत उभी राहिले. मळमळलं, आलं चघळलं. दुसऱ्या दिवशी तुझ्या दादानं सगळ्यांना पहाटे उठवून नाश्त्याला नेलंच. हॉलमध्ये आम्ही आणि रिकाम्या खुर्च्या.

मग जहाजाच्या गच्चीवरच्या पोहण्याच्या हौदाकडं गेलो. सवयीनं सगळ्यांनी चपला काढून माझ्यापुढं सारल्या. धाकट्या सुरजनं टॉवेल मांडीवर टाकला. मी गाऊनच्या आत तुझा ड्रेस घालूनच आले होते. टॉवेल खुर्चीवर ठेवला, गाऊन काढला, चपलाही काढल्या.

प्रेमानंद बघतच राहिला. म्हणाला, "आत्या, कुठं चाललाव? सामानापाशी कोण बसल?"

मी म्हटलं, "ज्याचं त्यानं बसावं. मी पाण्यात चालले."

पाण्यात गुडघे दुखले नाहीत. सुरजबरोबर घसरगुंडीवरूनही आले आणि इतक्या मोठ्यानं ओरडले, की माझं मलाच ऐकू आलं. पाण्यातून डोकं वर काढून पाहिलं, तर प्रेमानंद माझ्या खुर्चीत बसला होता. मांडीवर टॉवेल, पायापाशी सगळ्यांच्या चपला, त्यात माझ्याही. मी हाक मारून सांगितलं, सामान कुणी नेत नाही, तूही ये. तो टॉवेलनं डोळे पुसत होता.

पुष्कळ वेळ तो तिथून उठला नाही. मीही त्याला उठवलं नाही, पाण्यातच राहिले.

ड्रेस परत मागू नकोस. लोभ आहेच, आणखी वाढव.

तुझी,
सरूआत्या