खाली कोण उभं राहणार

४ मार्च

पांढऱ्या बुटांच्या यार्डात जाऊन आलो. विकणाऱ्याचं खरं नाव मला ठाऊक आहे, पण ऑइलच्या डबक्यांतून पांढरे बूट घालून फिरणाऱ्या माणसाला दुसरं नाव शोभत नाही. दोन मजली ट्रेलर दाखवला — गाड्या वर चार, खाली तीन. रंग ताजा. जुन्या ट्रेलरला ताजा रंग दिसला की माझ्या कपाळाला आठ्या पडतात. सांध्यापाशी नखाने खरवडलं, खपली निघाली, आत गंज. पांढरे बूट लगेच आभाळाकडे बघायला लागले.

मग विचारतात, बरोबर कोणी नाही? म्हटलं, भाऊ आहे, आज नाही आला.

आज नाही आला! दादा खुब्याचं हाड मोडून लेकीच्या घरी पडलाय, आणि मी असं सांगतोय जणू दाढी करायला थांबलाय.

५ मार्च

आज पुन्हा दोघांचा चहा ठेवला. दोन्ही कप मीच प्यायलो.

७ मार्च

ज्याच्याकडे आम्ही दोघं गाड्या वाहून न्यायचं काम करायचो त्या मालकाने धंदा गुंडाळला तेव्हा पुढचं इंजिन, म्हणजे घोडा, आम्ही दोघांनी मिळून त्याच्याकडून घेतला. ट्रेलर मात्र त्याने दुसऱ्याला विकला. म्हणजे घोडं अडलंय ते ट्रेलरपाशी. हा विनोद दादाचा. मी अजून एकट्याने करून बघतो, पण हसायला कोणी नसतं.

स्वतःचा ट्रेलर घ्यायचा, कुणाचं ऐकून घ्यायचं नाही — हे दादानेच ठरवलं. आणि मालकाच्या अगदी शेवटच्या फेरीला पट्टे सोडायला वरच्या मजल्यावर चढला तो खाली आला. पाय घसरला म्हणतो.

आज फोनवर बोलला. आवाज खणखणीत.

"वरच्या मजल्याशिवाय घेऊ नकोस. तीन गाड्यांत दोघांचं भागतं का? येतोय मी."

येतोय मी. पुतणी मागून काहीतरी बोलली, त्याने तिला गप्प केलं.

१० मार्च

बंद पेटीचा ट्रेलर बघितला. महागड्या गाड्यांसाठी. धूळ नाही, खडा नाही, गिऱ्हाईक खूश. विकणारी बाई म्हणाली, गाडी आत घालून तर बघा. घातली. झकास बसली. मग दार उघडायला गेलो — तर दार आणि भिंत यांत वितीएवढी जागा! बाहेर पडायचं ते खिडकीतून. डोकं गेलं, खांदे गेले, पोट आडवं आलं. बाईने दोन माणसं बोलावली. एकाने हात धरले, दुसरा डिकीतून शिरून आतून ढकलत होता. तिने हसू दाबलं, पण मनापासून दाबलं नाही.

हा रद्द.

घरी येईपर्यंत हे दादाला कसं सांगायचं ते मनात घोळवत होतो. कुलूप काढलं आणि आठवलं. फोन केला, तर झोपलाय म्हणाली पुतणी. गंमत शिळी झाली.

१३ मार्च

आज जे झालं ते कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहितो.

पांढऱ्या बुटांकडे दुसरा दोन मजली आलाय. ह्याचे सांधे निरोगी, हायड्रॉलिकला थेंबाची गळती नाही. गाडी चढवून बघतो म्हटलं. त्यांनी एक जुनी गाडी दिली आणि स्वतः फोनवर बोलत लांब गेले.

चढावर नाक वर असतं तेव्हा काचेतून फक्त आभाळ दिसतं. पुढचं काही कळत नाही. इतकी वर्षं आमची पद्धत एकच — चालवायला मी (दादाला तर दोन वर्षांपासून गुडघ्यामुळे क्लचही जमत नाही) आणि खाली डोळ्यांत तेल घालून तो. "येऊ दे... येऊ दे... बास." बास म्हटलं की माझा पाय ब्रेकवर. दोन बंपरांमध्ये मूठ जाईल एवढं अंतर, दरवेळी.

आज गाडी चढवली. सावकाश. वर पोचलो, पुढे घेत राहिलो. घेतच राहिलो. कसली वाट बघत होतो ते पुढच्या खांबाला धडकल्यावर कळलं. मी 'बास'ची वाट बघत होतो!

इतक्या वर्षांचा ड्रायव्हर, आणि गाडी थांबवता येत नाही. बंपर फुटला. पांढरे बूट धावत आले, काय झालं विचारलं. म्हटलं, ब्रेक ढिला आहे. ब्रेक चांगला होता.

१४ मार्च

कुठे गेलो नाही. दादाच्या पलंगावरची चादर झटकली, तशीच परत घातली.

१७ मार्च

आज तिसरीकडे एक बुटका ट्रेलर बघितला. एकच मजला, गाड्या तीन. पाटा पूर्ण खाली झुकतो, त्यामुळे बसक्या गाडीची हनुवटीसुद्धा घासत नाही. पुढे विंच, म्हणजे दोर गुंडाळून गाडी ओढणारी मोटर. गाडी न्यूट्रलला टाकायची, दोर अडकवायचा, बटण हातात घेऊन बाजूने चालत जायचं. चाकं कुठे आहेत ते स्वतःला दिसतं. पट्टेही जमिनीवर उभं राहून आवळता येतात. एका माणसासाठीच बनवलाय.

तिन्ही गाड्या चढवल्या, उतरवल्या. कुठे धक्का नाही, ओरडा नाही. एवढ्या शांततेत मी कधी काम केलेलं नाही.

आवडला. आणि आवडला म्हणून स्वतःचाच राग आला.

१८ मार्च

दादाने विचारलं, वरच्या मजल्याचं ठरलं ना? बघतोय म्हटलं. बघतोय काय, घेऊन टाक, म्हणाला.

सरळ लिहितो. दोन मजली घेतला तर दादा त्यावर चढणार. काठी टेकत येईल, पण चढेल. बुटका घेतला तर त्याला येण्याचं कारणच उरत नाही. ट्रेलर निवडायचा म्हणजे एवढंच आहे. बाकी सांधे, टायर, अ‍ॅक्सल मला झोपेतही कळतं.

दादा पुन्हा पडलेला मला बघवणार नाही. आणि दादाशिवाय रस्ताही बघवणार नाही. घोड्यात शेजारची सीट रिकामी असली की पट्ट्याची कडी सारखी दारावर वाजते, ती आत्ताच ऐकू येते मला.

२१ मार्च

बुटका घेतला. सही केली. विकणाऱ्याने हात मिळवला, पेढीवरच्या सगळ्यांनी अभिनंदन केलं. मी लग्नघरातल्या चुकलेल्या पाहुण्यासारखा हसत उभा होतो.

दादाला सांगायचं उद्यावर ढकललं.

२२ मार्च

सांगितलं.

टीव्हीचा आवाज येत होता, तो त्याने बंद केला.

"बरं केलंस," म्हणाला. मग म्हणाला, "एकटा चढवशील?"

"विंच आहे, दादा."

"विंच बास म्हणतं का?"

मी हसलो. तो हसला नाही. फोन ठेवला.

२३ मार्च

तीन वेळा फोन केला. उचलत नाही.

२५ मार्च

पहिली भरती. तीन गाड्या, लांबचा पल्ला. स्वतःचा ट्रेलर, मागे स्वतःचं नाव रंगवलेलं. दोघांचं रंगवायचं होतं. रंगाऱ्याने विचारलं, दुसऱ्या ओळीत काय? म्हटलं, मोकळी ठेव.

धाब्यावर टेबलाशी बसलो तर वाढणाऱ्याने पाण्याचे दोन ग्लास आणले. एक परत ने म्हणावं असं वाटलं, पण म्हटलं नाही.

रुसलाय. रुसणारच. त्याच्या आयुष्यातून मी त्याचं काम काढून घेतलं.

२६ मार्च

माल उतरवला आणि पुतणीचा फोन आला. म्हणाली, "काका, बाबा रुसलेले नाहीत. तुमच्याशी बोलले तर रडू येईल म्हणून फोन घेत नाहीत. पण आता सांगितलंच पाहिजे."

दादाला दोन वर्षांपासून दिसत नाही. उजेड कळतो, कडा कळत नाहीत. क्लचला गुडघा नव्हे, डोळे आड आले होते. त्या दिवशीही पाय घसरला नाही, मजला संपलेला दिसला नाही. दोन मजलीचा हट्ट एवढ्याचसाठी, की नको म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं. टायर पाट्यावर कसा वाजतो ते ऐकून तो बास म्हणायचा.

दोन वर्षांत एकही बंपर लागला नाही.

एवढ्या दिवसांत मी इथे माझ्याच एकटेपणाची पानं भरली. दोन वर्षं तो तिथे खाली एकटा उभा होता.