बाईछाप डबीवरची चार बोटे

मी, बाईछाप मलमाची निर्माती आणि मालकीण, हे लिहिताना पूर्ण शुद्धीत आहे. डॉक्टरांनी काल तपासून माझे डोके शाबूत असल्याचा दाखला दिला आहे. गुडघ्यांबद्दल त्यांना विचारलेले नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणू शकेल असे माणूस एकच, माझी धाकटी बहीण, आणि ती परदेशात असते. हे मृत्युपत्र मी राजीखुशीने करत आहे. त्यातली खुशी थोडी कमी धरावी.

१. कारखान्यावरच्या दोन खोल्या मुकादमबाईंना द्याव्यात. माझ्याबरोबर मेण उकळता उकळता त्यांचे केस माझ्याआधी पांढरे झाले. शिवाय डबीवरची बाई कोण, असे त्यांनी मला एकदाही विचारले नाही.

२. तांब्याचे पातेले आणि लाकडी पळी भाच्याला, म्हणजे धाकटीच्या मुलाला. तो इथे येऊन कचेरी सांभाळतो. पळी फिरवून दंड भरून आले की डबीत काय असते ते त्याला कळेल. डबीवर काय असावे, हे त्याने मग बोलावे.

३. बँकेतली शिल्लक कामगार बायकांत सारखी वाटावी. बहिणीला त्यातले काही नको. तिला आजवर पुष्कळ मिळाले आहे.

४. आता ट्रेडमार्क. त्याची हकिकत लिहिल्याशिवाय तो कोणाला देता येत नाही.

टाचांच्या भेगांचे हे मलम मी शोधले. भेगा आमच्या आईच्या, भाजलेले हात माझे. डबीसाठी आम्ही दोघी बहिणींनी फोटो काढून घेतला. छापखानेवाल्याने झाकण फोटोवर ठेवून पाहिले आणि म्हणाला, "दोघी मावत नाहीत. धाकट्या बाईंचा चेहरा गोल आहे, झाकणात नीट बसतो." मी कापली गेले. उरली ती तिच्या खांद्यावरची माझी चार बोटे. तेव्हापासून गिऱ्हाईक "बाईची डबी द्या" म्हणते आणि पैसे देताना मला विचारते, "त्या बाई आता नसतात का?" माझ्या पोटात तेव्हा दुखले, आजही दुखते, आणि त्यावर माझे मलम चालत नाही.

लग्न होऊन ती परदेशी गेली आणि तिथून फोन करू लागली, "ताई, इकडे माल पाठव. हातोहात खपेल." उंटावरून शेळ्या हाकायला तिला कोणी शिकवावे लागले नाही. वकीलबाईंनी बजावले होते, "इथली नोंदणी इथपुरतीच. ज्या देशात माल जाणार, तिथे आधी आपल्या नावाने अर्ज करा. पहिली पेटी त्यानंतर." पण तिथल्या अर्जाला चित्रातल्या बाईची लेखी संमती लागत होती. म्हणजे तिच्यापुढे हात पसरणे आले. मी माल पाठवला, अर्ज राहू दिला. तिथे आमचा माल उतरवून विकणारा एजंट आयत्या बिळावर नागोबा होऊन बसला. त्याने आमचीच डबी स्वतःच्या नावाने नोंदणीला टाकली, आणि आमच्याच पेट्या नक्कल म्हणून बंदरात अडकल्या.

लढली ती धाकटी. तिने हरकत घेतली. सुनावणीत अधिकाऱ्याने एजंटाला विचारले, "बाईंच्या खांद्यावर हे काय आहे?"

"शालीची किनार," तो म्हणाला.

धाकटीने अख्खा फोटो टेबलावर ठेवला. "ही माझ्या ताईची बोटं आहेत. मलम तिचं आहे. फोटो काढताना मी सारखी हलत होते, म्हणून तिनं मला धरून ठेवलं होतं."

एजंटाचा अर्ज फेटाळला गेला. धाकटीने संमती दिली आणि चिन्ह तिथे माझ्या नावावर नोंदवून घेतले. वर्तमानपत्रात बातमी आली, तिच्या फोटोसकट.

फोनवर म्हणाली, "ताई, तुझी बोटं होती म्हणून वाचलो."

"बातमीत नव्हती ती," मी म्हटले. ती हसली. तिला माझा राग येत नाही, याचाही मला हेवा वाटतो.

खरी गोष्ट अशी की मी तिला धरून ठेवले नव्हते. ती माझ्या पुढे सरकत होती, म्हणून मी तिला मागे ओढत होते. धाकटीला हे ठाऊक असणारच, खांदा तिचा होता. तरी ती अधिकाऱ्यापुढे तसे बोलली. तिचे म्हणणे मी दुरुस्त करत नाही.

५. गेल्या आठवड्यात भाच्याने नवी डबी आखून आणली. "मावशी, हा खांद्यावरचा डाग काढू या. हल्ली सगळं सुटसुटीत लागतं."

"तो डाग म्हणजे मी," मी म्हटले. त्याने कागदाची घडी घालून खिशात ठेवली, फाडला नाही.

वकीलबाई म्हणतात, चित्र बदलले तर प्रत्येक देशात नव्याने अर्ज करावा लागेल, आणि जुने वापरात नसले तर तेही हातचे जाईल. हे कायद्याचे कारण झाले. माझे कारण वर लिहिले आहे.

६. सबब, बाईछाप हे चिन्ह, इथले आणि परदेशातले, मी माझ्या धाकट्या बहिणीला देत आहे. अट एकच: चार बोटे जिथे आहेत तिथे राहतील. ती काढल्यास सर्व हक्क मुकादमबाईंकडे जातील. लोक धाकटीलाच मालकीण समजत आले. आता ते खरे होईल. ते पाहायला मी नसेन, एवढी सोय आहे.

सहीशेजारी उजव्या हाताच्या चार बोटांचे ठसे दिले आहेत. अंगठा फोटोत दिसत नाही, म्हणून घेतला नाही. शाई लावताना हात फार कापत होता. धाकटी इथे असती तर तिने तो धरून ठेवला असता. खरोखरच धरून ठेवला असता.

सही आणि ठसे: डबीवरच्या बाईची ताई

आमच्यासमोर सही केली व ठसे उमटवले:
साक्षीदार पहिल्या: वकीलबाई
साक्षीदार दुसरे: डॉक्टर (डोक्यापुरते)

ठिकाण: कारखान्याची मागची खोली, पातेल्याशेजारी
दिनांक: नवी डबी छापायला जाणार होती, तो सोमवार