सोलापुरात सगळे तापानंच जातात

॥ श्री सिद्धेश्वर ॥
शुक्रवार पेठ, सोलापूर
मार्च १९३६

तीर्थस्वरूप मल्लप्पामामांच्या पायांवर भाचा गुरुबसप्पाचं डोकं. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला? (खरं सांगा. हल्ली कुणी 'बरं आहे' म्हटलं की माझ्या मनात पाल चुकचुकते.) इकडं सगळं क्षेम. म्हणजे माझी नोकरी आठ दिवसांची उरली आहे, आमच्या लेकीची, महादेवीची, सोयरीक तुमच्या अकलूजच्या रुद्रप्पांकडं अर्ध्यावर लटकली आहे आणि घरात बायको, शिवबाई, माझ्याशी बोलत नाही. तिन्हींच्या मुळाशी एकच कागद आहे.

तुम्हाला ठाऊक आहेच, म्युनिसिपालिटीत मेलेल्यांची नोंद मी करतो. कोण गेला, कुठला, कशानं. घरचे सांगतील ते कारण मी लिहितो, डॉक्टर कुठं सगळ्यांना मिळतो? तर पुण्याहून एक तक्ता आला. त्यात तीन रकाने: सोलापूर, सबंध इलाखा आणि सबंध हिंदुस्थान. कॅन्सरच्या ओळीत आमच्याकडं पहिल्या साली पाच, मग चार, गेल्या साली तीन. शेजारच्या दोन रकान्यांत आकडे वर चढतायत आणि सोलापूर आपलं खाली उतरतंय! आमचे हेल्थ ऑफिसर आधी खूष झाले, म्हणाले, ही आपल्या पाण्याची करामत. पण मागोमाग दुसरा कागद आला. सोलापुरात कॅन्सर होत नाही, की सोलापूरच्या कारकुनाला दिसत नाही? आणि तापानं इतकी माणसं तुमच्याकडंच कशी जातात? झालं, पाण्याची करामत संपली आणि माझी चूक सुरू झाली. साहेब म्हणाले, पंधरा दिवसांत घरोघर जा, खरी कारणं आण, नाहीतर खुर्ची सोड. (घरपट्टीच्या टेबलावरचा धोंडीराम त्याच दुपारी मला विचारतो, "तुमच्या खुर्चीत ढेकणं हायत का हो?" याचा अर्थ काय घ्यायचा, तुम्हीच सांगा.)

मामा, आपल्या लोकांत कोण कुणाला विचारतो हो, की तुमच्या घरात कोण कशानं गेलं? सोयरिकीला आलेला माणूस! हे माझ्या टाळक्यात आधी आलंच नाही. पहिलं घर पलीकडच्या बोळातल्या ईरम्माचं. तिचा सासरा दिवाळीत गेला. जबड्याखाली लिंबाएवढी गाठ, सहा महिने नुसत्या आंबलीवर होता, हे सगळ्या बोळाला माहीत. मी विचारलं मात्र, ईरम्मानं पायावर पाणी घातलं, घोंगडी टाकली आणि म्हणाली, "ताप की हो! आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या तापच." हे असं, की वाडवडलांची जमीनच दाखवतेय. तेवढ्यात इरकली नेसून तिची भाची सुपारीचं तबक घेऊन बाहेर आली. मी बावळटासारखी सुपारी उचलली. (पुढच्या घरी तर पोळ्याच लाटून तयार होत्या. बातमी माझ्या आधी पोचली होती.) चार दिवसांत एकोणीस घरं पाहिली: ताप एकोणीस, मुली अकरा. एका म्हातारीनं तर खात्री दिली, की मुलीच्या आजीचा ताप लई हलका होता.

पाचव्या दिवशी ईरम्माचा भाऊ आमच्या दारात. "पसंतीचं काय?" दार शिवबाईनं उघडलं. आम्हाला मुलगा नाही, तेव्हा मी दुसरी करतोय अशी तिची पक्की समजूत झाली. शपथ घेऊन सांगितलं, अगं, सरकारी काम आहे. तर म्हणते, "सरकार बायका वाटतंय व्हय?" तेव्हापासून ताट वाढत नाही, सरकवते.

अशात सोमवारी रुद्रप्पा आपल्या पोरासाठी महादेवीला बघायला आले. मुलगी पसंत पडली, चहा आला, आणि माझ्या जिभेला खोड लागलेली. विचारून बसलो, वैनी कशानं गेल्या? त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, छातीत गाठ झाली होती, कॅन्सरच होता, मिरजेला नेलं पण उशीर झाला. तुम्हाला सांगणारच होतो, लेक देताय तर माहीत असावं. एकोणीस घरांत जे मिळालं नाही ते या माणसानं चहाबरोबर सांगून टाकलं! (आणि बाई गेली अकलूजला, म्हणजे माझ्या रकान्यात तिला धरताही येत नाही.) मामा, मला तेव्हापासून अन्न गोड लागत नाही. इतकं खरं कुणी बोलतं का? याहून मोठं काहीतरी झाकलंय. पोराला फेफरं येतं का, त्यानं आधीची बायको कुठं ठेवलीय का, तुम्ही गुपचूप काढा.

मामींना नमस्कार. शिवबाईचाही नमस्कार लिहिला असता, पण ती बोलेल तेव्हा.

आपला,
गुरुबसप्पा

ता. क. : एक राहिलं. कप खाली ठेवून रुद्रप्पांनी मलाही विचारलं, "आणि तुमचे आप्पा?" मी म्हटलं, ताप. वहीतही माझ्याच हातानं तेच लिहिलंय. गुरुवारी ते बाजाराला तुमच्या दुकानी येतील, तुमच्यावर त्यांचा भरवसा आहे. तुम्हीही तापच सांगा, महादेवीच्या जन्माचा प्रश्न आहे.

ता. क. दुसरा : पत्र टपालात टाकलं नाही ते बरं झालं. वरचं सगळं सोडा. आप्पांच्या जिभेवरची ती जखम तुम्ही पाहिलीय, शेवटी मी कापसाच्या बोळ्यानं पाणी पाजत होतो आणि ते गिळवत नाही म्हणून हातानंच 'पुरे' करत होते. त्याला ताप म्हणताना मला लाज वाटली नाही, आता वाटते. रुद्रप्पांना खरं सांगा. मोडली सोयरीक तर मोडू द्या. मला तोंडानं सांगवणार नाही, म्हणून तुमच्यावर घालतो. आज वहीत आप्पांच्या नावापुढचा ताप तांबड्या शाईनं खोडला, खरं लिहिलं, आणि वही साहेबांपुढं ठेवली. साहेबांनी पानं चाळली, म्हणाले, "आठ दिवस पेठा पालथ्या घातल्या आणि एकच?"

मी म्हटलं, "साहेब, मला वडील एकच होते."